गाडीतच खोट

गाडीचा उजवा अर्धा भाग उरला नव्हता. डावा अर्धा इतका शाबूत होता की त्या बाजूनं पाहणाऱ्याला वाटावं, मालक काही कामासाठी आत गेला आहे आणि आता येईल. तळेगावच्या पोलीस ठाण्याच्या आवारात, जप्त केलेल्या मोटारसायकलींच्या शेजारी, ती उभी होती. रंजिता तिच्याभोवती एकदा फिरली आणि मग समोर येऊन खाली बसली.

"काय पाहून राह्यली?" दुर्गेशनं विचारलं.

"थांबा जरा."

ही गाडी दुर्गेशनं विकली होती. लांब, काळी, कोरियन कंपनीची सर्वांत महागडी सेडान. घेणारा आदेश भाजीचा ठोक व्यापारी होता, तळेगावचाच. डिसेंबरातल्या एका पहाटे, धुक्यात, नागपूरला जाताना ती रस्त्यावर उभ्या असलेल्या एका ट्रकवर मागून आदळली. ट्रकचे मागचे दिवे बंद होते. आदेश जागीच गेला. समोर काही आडवं आलं तर गाडी आपोआप ब्रेक लावते, हे गावातल्या सगळ्यांना माहीत होतं, कारण खुद्द आदेशच ते सगळ्यांना सांगत असे. त्यामुळे गावात आता एकच प्रश्न होता: गाडी थांबली का नाही? आणि तो प्रश्न दुर्गेशला विचारला जात होता.

रंजिता त्याची बायको. आर्वीच्या ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची.

गाडीच्या तोंडावरची जाळी डावीकडं आणि मध्यभागी जागेवर होती. मध्यभागी कंपनीचं गोल चिन्ह होतं. त्या चिन्हावर, लोखंडी तारेच्या दोन वेढ्यांनी घट्ट आवळलेलं, एक लिंबू होतं. त्याच्या खाली हिरव्या मिरच्या, एक बिब्बा आणि कोळशाचा तुकडा. मिरच्या सुकून वाकड्या झाल्या होत्या. लिंबू मात्र अजून मऊ होतं.

तिनं लिंबाला बोट लावलं आणि बोट मागं घेतलं.

*

दुर्गेश वीसेक वर्षांपासून कोरियन गाड्या विकत होता. सुरुवातीला लोक हसत. "टीव्ही बनवणाऱ्यायनं गाड्या कायले बनवाव बा?" असं त्याला बाजारात तोंडावर विचारत. तळेगावातली पहिली छोटी कोरियन गाडी एका कंपाउंडरनं घेतली. मे महिन्यात गावातल्या बाकीच्या गाड्या चढावर वाफा सोडत, तेव्हा ही आत गारवा ठेवून चालायची. दुर्गेश नव्या गिऱ्हाइकाला शोरूममध्ये न नेता आधी त्या कंपाउंडरच्या अंगणात नेई. "मले नोका विचारू, याले विचारा," म्हणे. कंपाउंडर बोनेट उघडून दाखवी, चहा होई, आणि गिऱ्हाईक पटलेलं असे. असा एकेका अंगणातून भरवसा वाढला. पुढं लोक कंपनीचं नाव घेईनासे झाले. "दुर्गेशभाऊची गाडी" म्हणत. काही बिघडलं की पुस्तक कुणी उघडत नसे, दुर्गेशला फोन लावत.

सेडान विकणं वेगळं होतं. ज्याच्याकडे पैसा आला तो गावात उंच, जाडजूड गाडी घेई. आदेशला लांब गाडी हवी होती. नागपूरला त्यानं जर्मन गाड्याही पाहिल्या होत्या. "जर्मन दारात उभी केली तं लोक म्हणतीन, पैसा मातला," तो दुर्गेशला म्हणाला होता. "कोरियन उभी केली तं म्हणतीन, पोरगं हुशार हाय. तेवढंच सामान, तेवढीच गादी, अन् आपल्या भाऊची." गाडी आल्यावर महिनाभरानं कारंज्याच्या अलीकडं एक म्हैस आडवी आली आणि गाडी स्वतःहून थांबली. आदेशनं ती गोष्ट इतक्यांना सांगितली की नाचणगावच्या प्रभाकररावांनी तसलीच गाडी बुक केली आणि रोहण्याच्या दीपमालानं तर घेतलीसुद्धा.

आता प्रभाकररावांनी फोनवर एवढंच म्हटलं होतं, "दुर्गेश, त्या गाडीचं नाव माह्यापुढं काढजो नोको." मोबाईलवर सगळीकडं चेचलेल्या गाडीचा फोटो फिरत होता. खाली लिहिलेलं, कोरियन डब्बा. दुर्गेश प्रेताबरोबर गेला तेव्हा आदेशच्या धाकट्या भावानं, अंकुशनं, त्याचा खांदा लागू दिला नव्हता.

*

ठाण्याबाहेरच्या चहाच्या टपरीवर रंजितानं त्याला समजावून सांगितलं. कंपनीच्या चिन्हामागं रडार असतं. त्यातून लहरी निघतात, समोरच्या वस्तूवर आपटून परत येतात, त्यावरून गाडी अंतर काढते. अंतर फार झपाट्यानं कमी होऊ लागलं तर ब्रेक लावते. लिंबू म्हणजे बहुतेक पाणीच, आणि त्या लहरींना पाणी म्हणजे भिंत. लोखंडी तार तर आरसा. डोळ्यावर हात ठेवल्यासारखं ते झालं होतं.

दुर्गेशनं कप खाली ठेवला. "म्हणजे गाडी बरोबर होती."

"गाडी बरोबर होती. पण रडार उघडं असतं तर ती पूर्ण थांबलीच असती, असं मी म्हणणार नाही. ट्रक उभा होता, वेग जास्त होता. वेग कमी झाला असता. किती, ते मला सांगता येणार नाही."

"तेवढं बारीक नोको सांगू. गाडी बरोबर होती, एवढंच सांग."

"कुणाला?"

"त्यायच्या घरी. चल आत्ताच." तो उठलाच होता. कितीतरी दिवसांनी त्याच्या आवाजात जीव आला होता. "मी सांगितलं तं म्हणतीन, हा धंदेवाला. तुह्यावर भरोसा हाय लोकायचा. अर्ध्या तळेगावच्या पोरी तुह्या हाताखालून गेल्या. आदेशची बायकोच तुही विद्यार्थिनी हाय ना?"

"रडार झाकलं गेलं की गाडी स्वतः सांगते," रंजिता म्हणाली. "समोर पिवळी खूण येते. त्याला ती दिसली नसेल का?"

दुर्गेश टपरीवाल्याला पैसे देत होता. "आली असन," तो म्हणाला. "चल."

*

तेरवी होऊन गेली होती. आदेशच्या घरी अंगणात सतरंजी अजून तशीच होती. अंकुशनं रंजिताला "या मॅडम" म्हटलं आणि दुर्गेशकडं पाहिलंच नाही. दुर्गेश फाटकाजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला. तो घरातला मानाचा पाहुणा होता तेव्हा त्याच्यासाठी खुर्ची आतून यायची.

आदेशची आई, कुंताबाई, भिंतीला टेकून बसली होती. भाजीच्या मळ्यात आयुष्य गेलेली, हाताची बोटं जाड. बाजूला सून, रक्षा. तिनं अकरावी-बारावीला रंजिताच्या वर्गात पहिल्या बाकावर बसून दोन वर्षं काढली होती.

"मॅडम, तुम्ही गाडी पाह्यली म्हणे," रक्षा म्हणाली.

"पाहिली."

"इथं रोज कोणी ना कोणी येते अन् काहीतरी सांगते. कोणी म्हणे झोप लागली. कोणी म्हणे पेऊन होते. तुम्हाले माहीत हाय, ते पेत नव्हते." तिचा आवाज सपाट होता. "तुम्ही सांगसान ते मी मानन. गाडी काऊन नाई थांबली?"

रंजितानं वाक्य जुळवलं होतं. रडारपासून सुरुवात करायची, लिंबापर्यंत शेवटी यायचं. ती तोंड उघडणार तेवढ्यात कुंताबाई बोलली.

"तिले काय विचारते? मी सांगतो ना काऊन नाई थांबली. माह्यानं नाई थांबली."

"माय, चुप राह्य," अंकुश म्हणाला.

"तू चुप राह्य. बाई, दर शनिवारी मी त्याच्या गाडीले लिंबू-मिरची बांधो. इकतची नाई, माह्या वाफ्यातल्या मिरच्या. आधी खाली नंबरपाटीले बांधो, तं शेजारची बकरी ओढून नेये. आदेश हासे. म्हणे, माय, त्या बकरीले नजर नाई लागत पाह्य." तिच्या तोंडावर क्षणभर खरंच हसू येऊन गेलं. "मंग दिवाळीपासून मीच वर बांधलं. मधात. तारेनं पक्कं आवळलं, का बकरीच्या बापाले नाई निघाव. पण त्या शनिवारी मी माह्या बहिणीकडं लग्नाले गेलतो. नवीन बांधणं राह्यलं. शिळ्या लिंबावर गेलं लेकरू माहं. आठ दिवसाच्या शिळ्या लिंबावर."

ती रडत नव्हती. भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होती.

म्हैस दिवाळीच्या आधी आडवी आली होती. तेव्हा लिंबू खाली होतं आणि गाडी पाहू शकत होती. दिवाळीनंतर तिला दिसणं बंद झालं, आणि आदेशचा विश्वास तोवर म्हशीपाशी पक्का झाला होता. सगळं बरोबर जुळत होतं. शिळ्या लिंबात पाणी कमी असतं. ताजं असतं तर त्यानं उलट जास्तच अडवलं असतं. त्या बाईला लिंबू शिळं राहिल्याचं दुःख होतं. खरं सांगायचं तर तिला सांगावं लागलं असतं की ताजं बांधलं असतंस तरी हेच झालं असतं, कारण बांधलंस हेच.

फाटकाजवळ दुर्गेशनं खुर्ची पुढं सरकवली. खुर्चीचा पाय घासल्याचा आवाज रंजिताला ऐकू आला.

"नाही, कुंतामाय," रंजिता म्हणाली. "लिंबाचा काही संबंध नाही."

"मंग?"

"गाडीतच खोट होती."

मग अंकुश उभा राहिला. "ऐकलं का?" तो फाटकाकडं वळून म्हणाला. "ऐकलं का, दुर्गेशभाऊ? तुह्या घरच्या बाईनं सांगितलं. आता तं मान. खोट होती अन् तू इकली."

दुर्गेश उठून उभा होता. रंजिताला वाटलं, आता बोलेल. तो चप्पल घालून फाटकाबाहेर गेला.

रक्षानं डोळे मिटले होते. "थँक्यू मॅडम," ती म्हणाली.

कुंताबाई मात्र रंजिताकडं रोखून पाहत होती. "तुम्ही शिकलेल्या," ती हळूच म्हणाली. "तुम्हाले या गोष्टी नाई समजत. थे लिंबूच शिळं होतं."

*

आर्वीच्या रस्त्यानं परत येताना दुर्गेश पुढच्या प्रत्येक वाहनापासून फार अंतर ठेवून चालवत होता. मागची गाडी हॉर्न वाजवून पुढं निघून जाई. मग तो म्हणाला, "तिले वाचवलं तू."

"नाही वाचवलं. तिनं मानलंच नाही."

"मंग कोणाले वाचवलं?"



"उद्या मी पुन्हा जाते त्यांच्याकडं," रंजिता म्हणाली. "एकट्या रक्षाला बोलावून सांगते. तिला समजेल."

"नोको जाऊ."

"का?"

दुर्गेशनं गाडी एका संत्र्याच्या बागेच्या कडेला घेतली आणि बंद केली. हात स्टिअरिंगवरच होते.

"मले फोन आलता त्याचा. दिवाळी झाल्यावर. म्हणे, भाऊ, पिवळी खूण येऊन राह्यली. मी म्हटलं, धूळ असन, कपडा मारजो." तो समोर पाहत होता. "त्यानं काच पुसली असन. दुसऱ्यांदाही फोन आलता. मी गिऱ्हाइकासोबत होतो. म्हटलं, अरे काही नाई होत, कोरियन गाडी हाय, चालव बिनघोर."

"हे मला सकाळी का नाही सांगितलं?"

"तू लिंबाचं सांगितलं असतं तं मंग फोनाचं कोणी विचारलं नसतं."

रस्त्यावरून सोयाबीनच्या पोत्यांचा ट्रॅक्टर गेला. ट्रॉलीला मागं दिवा नव्हता. दोघांनीही तो पाहिला.

"आता बोलणं फिरवून खरं सांगितलं तं रक्षा खोदून विचारन, का गाडीनं काऊन नाई सांगितलं," दुर्गेश म्हणाला. "त्याच्या मोबाईलात माहा नंबर असन ना. राहू दे. गाडीत खोट होती, हेच बरं. गाडीले लेकरंबाळं नसतात."

*

महिन्याभरात दुर्गेशचं शोरूमला जाणं थांबलं. कुणी काढलं नाही. त्याच्या टेबलाशी येऊन बसणारंच कुणी उरलं नाही. ज्या कंपाउंडरच्या अंगणात तो लोकांना नेई, त्यानं म्हातारी गाडी विकून दुसऱ्या कंपनीची आणली आणि भेटल्यावर उगाच खुलासा केला, "पोरं ऐकत नव्हती गा." प्रभाकररावांनी बुकिंग रद्द केलं. गावात एक वाक्य सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं, आणि ते रंजिताच्या नावानं सांगितलं जात होतं. मॅडमनं स्वतः पाह्यलं. मॅडम सायन्सच्या हायेत. कोरियन गाडीतच खोट.

दुर्गेश दिवसभर घरी बसे. तिच्याशी भांडत नसे. भाजी काय आणू, गॅस संपला का, एवढं विचारी.

तिला झोप लागत नव्हती ती दुसऱ्याच कारणानं. आदेशच्या गाडीसारख्या आणखी गाड्या रस्त्यावर होत्या. जवळची, माहीत असलेली, दीपमालाची. एका शनिवारी कॉलेज सुटल्यावर ती बसनं रोहण्याला गेली.

दीपमालाचं बी-बियाण्यांचं दुकान होतं. नवरा वारल्यावर तिनं ते एकटीनं वाढवलं होतं. गाडी दुकानासमोरच उभी होती आणि दीपमाला तिच्या पुढं वाकली होती. हातात तार होती. जाळीवर मधोमध एक लिंबू आधीच होतं. त्याच्या दोन्ही बाजूंना ती आणखी एकेक बांधत होती.

"या या मॅडम. आचल, मॅडमले पाणी आण." मुलगी दुकानातून तांब्या घेऊन आली. दहावीत असावी. पाठीला क्लासची बॅग. "पाहा ना, काय पाळी आली. इकाले काढली तं कोणी हात लावत नाई. म्हणतात, खोटीची गाडी. फुकट देसान तरी नाई. मंग आता देवाच्या भरोशावरच चालवाव लागते ना?"

"दीपमालाताई, हे इथं बांधू नका."

"काऊन?"

"कुठंही बांधा. आरशाला बांधा, मागं बांधा. इथं नको."

"नजर समोरून लागते मॅडम, मागून कशी लागन?" दीपमाला हसली. "अन् तुम्हीच तं सांगितलं, गाडीतच खोट हाय. तवापासून मी तिप्पट बांधतो."

रंजितानं तांब्या ओट्यावर ठेवला. मग तिनं सांगितलं. सगळं. चिन्हामागचं रडार, लिंबातलं पाणी, लोखंडाची तार, दिवाळीआधीची म्हैस. गाडीत खोट नव्हती, हे. आदेशची गाडी तिनं स्वतः हात लावून पाहिली होती, हे. ती वर्गात शिकवते तसं, एकेक पायरी, सावकाश, बोलत गेली. दुर्गेशच्या फोनाबद्दल बोलली नाही.

दीपमालानं पूर्ण ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू जे उमटलं ते रंजिताला आधी समजलं नाही. ती कीव होती.

"दुर्गेशभाऊ घरीच असतात ना आजकाल?" दीपमालानं विचारलं.

"हो. पण त्यांचा याच्याशी..."

"समजतं मॅडम मले. माह्याही घरावर दिवस आलते. नवऱ्यासाठी बाईले काय काय बोलाव लागते, मले माहीत हाय. मी नाई मनावर घेत." तिनं रंजिताच्या दंडावर हात ठेवला. "पण एक सांगू? तिथं तेरवीच्या घरात तुम्ही खरं बोलल्या, नवऱ्याची भीड नाई ठेवली, म्हणून लोक तुम्हाले मानतात. आता फिरवू नोका. अन् हे कुंतामायच्या कानावर तं जाऊच देऊ नोका. म्हातारी मरन."

"ताई, मी तेव्हा खोटं बोलले होते."

"हव," दीपमाला समजुतीनं म्हणाली. "चाल गं आचल, उशीर होते."

मायलेकी गाडीत बसल्या. गाडी सुरू झाली तसे समोरच्या पट्टीवर दिवे उजळले आणि विझले. एक पिवळा तसाच राहिला. रंजितानं खिडकीशी वाकून त्याच्याकडं बोट केलं.

"हे पाहा. हे तेच सांगतंय."

"थे तं दिवाळीपासून लागते," दीपमाला म्हणाली. "भाऊनं सांगितलं होतं ना, धूळ असते म्हणून."

आचलनं मागच्या सीटवर पुस्तक उघडलं. दीपमालानं काच वर घेतली आणि थोडं थांबली. रंजिता अजून गाडीच्या पुढ्यातच उभी होती. आतून हॉर्न वाजला, हलकेच, आदरानं. रंजिता बाजूला झाली.